अर्धरथी ठरवायचे कोणी?

साताऱ्याच्या राजवाड्यापुढची चौपाटी असो की सांगलीची आमराई, संध्याकाळी तेथे जमणाऱ्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांचे बोलणे ओझरते कानावर पडले, तर पोक्त माणूस बुचकळ्यात पडल्याशिवाय राहत नाही. गॉडझिला आणि किंग काँग यांची गाठ समुद्रात पडली तर काय होईल आणि डोंगरावर पडली तर काय होईल, स्मॉग नावाच्या ड्रॅगनची आग गॉडझिलाच्या कातडीला लागेल काय, चारिझार्ड बलवान की ब्लास्टॉइज, असे प्रश्न तेथे विलक्षण गांभीर्याने चर्चिले जात असतात. कोणी वहीत तक्ता आखलेला असतो. उंची, वजन, वेग, शस्त्र, विशेष शक्ती आणि मर्मस्थान असे त्याचे रकाने असतात. एखाद्याने आपल्या आवडत्या प्राण्याच्या अंगी नसलेले बळ चिकटवले, की दुसरा लगेच आधार मागतो : हे कोणत्या चित्रपटात दाखवले, कोणत्या पुस्तकात लिहिले? आधार मिळाला नाही तर ते बळ तक्त्यातून खोडले जाते.

जे प्राणी कधी जन्मले नाहीत, त्यांच्या कधीच न होणाऱ्या लढाईचा निकाल लावण्यासाठी इतका खटाटोप कशाला, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो आणि ‘त्यापेक्षा अभ्यास करा’ असा उपदेश ओघानेच येतो. या उपदेशामागची काळजी समजण्याजोगी आहे. परंतु अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला मात्र त्या वहीकडे पाहून वेगळेच काही जाणवते. अनेक गुणांची तुलना करून त्यातून एकच क्रम लावणे हा आमच्या शास्त्रातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे, आणि ही मुले खेळता खेळता नेमकी त्यालाच भिडलेली असतात.

या छंदाचे आजचे रूप परदेशातून आले, हे खरे. अमेरिकेत १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला आणि १९७७ मध्ये त्यातील अद्भुत प्राण्यांचा, त्यांच्या बळाच्या आकड्यांसह, स्वतंत्र कोशच प्रसिद्ध झाला. जपानमध्ये १९९६ साली ‘पोकेमॉन’ आले. आरंभी त्यात १५१ प्राणी होते. आज त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. आपल्याकडे आज चाळिशीत असलेल्या पिढीने १९९० च्या दशकात परदेशी मल्लांची चित्रे असलेले पत्ते हाताळले आहेत. त्यांवर प्रत्येक मल्लाची उंची, वजन, छाती आणि त्याचा क्रमांक छापलेला असे. एकाने ‘वजन’ म्हणावे, दुसऱ्याने आपला पत्ता टाकावा आणि ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही पत्ते घ्यावेत, एवढाच तो खेळ.

तथापि साहित्य परदेशी असले तरी वृत्ती आपलीच आहे. कृष्णाकाठच्या आजीबाईंनी सांगितलेल्या भुतांच्या गोष्टी आठवून पाहाव्यात. मुंजाचा मुक्काम पिंपळावर, गिऱ्ह्याची सत्ता पाण्यात, चकव्याचे काम वाट चुकवण्याचे, आणि या सर्वांवर राजा वेताळ. प्रत्येकाचे बळ ठरलेले, त्या बळाची हद्दही ठरलेली. मोल्सवर्थच्या शब्दकोशात या मंडळींना जागा मिळाली ती काही उगाच नव्हे. मग आजच्या मुलांनी ड्रॅगनची हद्द आखली, तर नवल कसले?

भीष्मांची यादी

या प्रकारचा आपल्याकडील सर्वांत भव्य तक्ता महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. युद्ध तोंडावर आले असता दुर्योधन भीष्मांना विचारतो की, दोन्ही सैन्यांत रथी किती आणि अतिरथी किती. भीष्म एकेका वीराचे नाव घेऊन त्याची योग्यता सांगू लागतात. स्वतःचे गुण मात्र आपण सांगू नयेत असे म्हणून ते स्वतःला प्रतवारीतून वगळतात. आजच्या कोणत्याही गुणवत्ता यादीकर्त्याने लक्षात ठेवावा असा हा संकेत आहे.

भीष्मांची यादी केवळ बाहुबळावर आधारलेली नाही, हे तिचे वैशिष्ट्य. अश्वत्थाम्याच्या धनुर्विद्येची ते तोंड भरून स्तुती करतात. पण त्याला स्वतःचा जीव फार प्रिय आहे, या एका दोषामुळे त्याला रथी वा अतिरथी मानायला तयार होत नाहीत. म्हणजे कौशल्याच्या रकान्याशेजारी त्यांनी जीव पणाला लावण्याच्या तयारीचा रकाना ठेवला होता. कर्णाची कवचकुंडले गेली आहेत आणि त्याला शाप आहेत, असा हिशेब मांडून ते त्याला ‘अर्धरथी’ ठरवतात. द्रोणही त्याला दुजोरा देतात.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. संतापलेल्या कर्णाने, भीष्म जिवंत असेतो आपण शस्त्र धरणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. कुरुक्षेत्रावरचे पहिले दहा दिवस कौरवांचा हा महावीर युद्धाबाहेर राहिला. कर्ण खरोखर अर्धा होता की पूर्ण, याचा निर्णय रणांगणावर व्हायचा होता. त्याआधीच यादीने त्याला रणांगणाबाहेर काढले. प्रतवारी ही केवळ वस्तुस्थितीची नोंद असते, असे आपण समजतो. परंतु ती पुष्कळदा वस्तुस्थिती घडवते. ज्याला अर्धा म्हटले तो अर्धेही लढत नाही.

यादीतले दुसरे न्यूनही तितकेच बोलके आहे. पांडवपक्षाच्या वीरांत भीष्मांनी शिखंडीचे नाव घेतले आहे. पण तो पूर्वी स्त्री होता, म्हणून आपण त्याच्यावर शस्त्र चालवणार नाही, असेही ते सांगून टाकतात. अखेर भीष्म पडले ते शिखंडीला पुढे करून अर्जुनाने सोडलेल्या बाणांनी. बळाचे सारे रकाने बिनचूक भरले असते, तरी हा निकाल त्यांतून निघाला नसता. घटोत्कचाचेही तसेच. राक्षसांचे बळ रात्री वाढते. त्यामुळे चौदाव्या दिवसाचे युद्ध सूर्यास्तानंतरही चालू राहिले, तेव्हा घटोत्कच अनावर झाला. त्याला मारण्यासाठी कर्णाला इंद्राने दिलेली शक्ती खर्च करावी लागली. ती एकदाच वापरता येणारी होती आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली होती. कर्णाने घटोत्कच मारला, पण त्याची किंमत म्हणून अर्जुनाला मारण्याची संधी गमावली. खर्च म्हणजे हातून गेलेली दुसरी संधी, हे अर्थशास्त्राचे पहिले सूत्र शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. अमुक प्राणी बलवान, असे म्हणताना ‘कोठे, केव्हा आणि किती वेळा’ हे विचारणारी आजची मुले याच वाटेने जात असतात.

तालमीच्या कट्ट्यावर

पुराणे बाजूला ठेवली तरी सातारा-सांगलीच्या मातीत या वादांची परंपरा जिवंत आहे. गावच्या तालमीबाहेरच्या कट्ट्यावर जुन्या मल्लांच्या न झालेल्या कुस्त्या अजूनही लढल्या जातात. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने १९६४ चे. दोघेही आजच्या सांगली जिल्ह्याचे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवले. आंदळकरांचे सुवर्ण ग्रीको-रोमन प्रकारातले आणि रौप्य फ्रीस्टाइलमधले. मान्यांचे नेमके उलट. दोघांचे वजनगटही वेगळे. आता यांत मोठा कोण? कट्ट्यावर याचे उत्तर गावागणिक बदलते आणि ते बदलणे स्वाभाविकच आहे.

त्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणून बसवले की वाद आणखी रंगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. तो गट ५७ किलोंचा. मारुती माने खेळले तो जवळजवळ शंभर किलोंचा. या दोघांची प्रत्यक्ष झुंज लावण्याचा विचारही कोणता वस्ताद करणार नाही. तालमीच्या भाषेत ‘ही जोड नाही’. तरीही श्रेष्ठ कोण हा प्रश्न निरर्थक ठरत नाही. वजनाच्या मानाने कसब कोणाचे अधिक, समोर आलेले प्रतिस्पर्धी कोणत्या तोडीचे, हाताशी साधने किती होती, असे नवे रकाने तेथे काढावे लागतात.

‘जोड’ या शब्दाचा विचार केला तर आपल्या मैदानांचे शहाणपण ध्यानी येते. कुंडलसारख्या मैदानात किंवा गावोगावच्या जत्रांत जुनी जाणती माणसे पोरांना शेजारी उभे करतात, खांदे, मान, मांड्या पाहतात आणि जोड लावतात. वजनाचा काटा तेथे क्वचितच असतो. कुस्ती निकाली व्हावी, पण ती कोणाच्या बाजूने होईल हे आधी सांगता येऊ नये, अशी जोड लावणारा खरा जाणकार. इनामाचा आकडा मैदानाच्या पत्रकावर छापलेला असतो. तो मल्लाच्या लौकिकाचा भाव असतो, बळाचे माप नसते.

शिवाय नियम बदलला की विजेता बदलतो. लाल मातीत पाठ टेकवून चितपट केल्याशिवाय निकाल मान्य होत नाही; गादीवर गुणांनी निकाल लागतो. मातीत दमसास आणि ताकद यांना भाव, गादीवर चपळाई आणि वेळेचे भान यांना. महाराष्ट्र केसरी स्पर्धेने हा पेच मोठ्या समंजसपणे सोडवला आहे. तेथे माती आणि गादी असे दोन विभाग असून त्यांचे विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांशी लढतात. दोन तराजू वेगवेगळे आहेत, हे तेथे उघडपणे मान्य केलेले आहे. ही स्पर्धा २०२२ मध्ये साताऱ्यात झाली, तेव्हा हजारो प्रेक्षकांनी हा तुलनेचा सोहळा डोळ्यांनी पाहिला.

आणि तालमीच्या तक्त्यातही भीष्मांच्या यादीसारखीच एक ओळ दीर्घकाळ कोरी होती. मल्ल म्हणजे पुरुष, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. तसे लिहिण्याची गरजच वाटत नव्हती. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पुरुषांची स्पर्धा १९६१ पासूनची. मधल्या साठ वर्षांत या दोन जिल्ह्यांतील किती मुलींच्या अंगी ते बळ होते, हे कोणत्याही वहीत सापडणार नाही. तक्त्यात रकाने कोणते असावेत यावर वाद होतो, पण ओळीत नावे कोणाची असावीत हे आधीच ठरून गेलेले असते. खरा अन्याय तेथेच दडलेला असतो.

एक आकडा, अनेक रकाने

‘शेरास सव्वाशेर’ ही आपली म्हण एकच तराजू गृहीत धरते. एका बाजूला शेर, दुसऱ्या बाजूला सव्वाशेर. पारडे कोठे झुकेल याविषयी शंका नाही. पण जगातील पुष्कळ गोष्टी अशा एका तराजूत बसत नाहीत. दगड कात्रीला मोडतो, कात्री कागदाला कापते आणि कागद दगडाला गुंडाळतो. यांत सर्वांत बलवान कोण? पोकेमॉनच्या खेळाची उभारणीही याच पायावर आहे : आग वनस्पतीला जाळते, वनस्पती पाणी शोषते, पाणी आग विझवते. येथे शेर आहे आणि सव्वाशेरही आहे, पण शिखर नाही. फिरत राहणारे वर्तुळ आहे.

फ्रेंच विचारवंत काँदोर्से याने १७८५ मध्ये दाखवून दिले की, मतदानातही असे वर्तुळ तयार होऊ शकते. बहुसंख्यांना ‘अ’ हा ‘ब’पेक्षा बरा वाटतो, बहुसंख्यांना ‘ब’ हा ‘क’पेक्षा बरा वाटतो, आणि तरीही बहुसंख्यांना ‘क’ हा ‘अ’पेक्षा बरा वाटतो! १९५१ मध्ये केनेथ ॲरो यांनी हा विचार पुढे नेला. अनेकांच्या पसंतिक्रमांतून सर्वांचा मिळून एक क्रम काढताना, वाजवी वाटणाऱ्या सर्व अटी एकाच वेळी पाळणारी पद्धत अस्तित्वातच असू शकत नाही, असे त्यांनी गणिताने सिद्ध केले. प्रत्येक रकान्याला एक मतदार समजावे, म्हणजे मुलांच्या वहीतला पेच आणि ॲरोंचा पेच यांचे नाते लक्षात येते.

म्हणून तुलना करूच नये काय? तसे म्हणता येणार नाही. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक आणला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न असे त्याचे तीन पैलू. माणसांचा विकास एका आकड्यात कोंबणे त्यांचे सहकारी अमर्त्य सेन यांना सुरुवातीला रुचले नव्हते. हक यांचे म्हणणे असे की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका आकड्याचे वर्चस्व मोडायचे, तर तितकाच ढोबळ पण माणसांच्या जगण्याकडे अधिक पाहणारा दुसरा आकडा हवा. हा युक्तिवाद सेन यांना पटला. पुढे २०१० मध्ये या निर्देशांकाची रीत बदलली. साध्या सरासरीऐवजी भूमितीय मध्य आला. त्याचा परिणाम असा की, एका बाबतीत फार मागे असलेल्या देशाला दुसऱ्या बाबतीतील आघाडीने ती उणीव पूर्वीइतक्या सहज भरून काढता येईनाशी झाली. देश तेच. नियम बदलला की क्रम बदलतो. फरक इतकाच की, हा नियम छापून प्रसिद्ध केलेला आहे आणि त्यावर वाद घालण्याची मुभा जगातील प्रत्येकाला आहे.

गुणपत्रिकेचा तक्ता

आता ज्या मुलांच्या वहीपासून आपण आरंभ केला, त्यांचाच क्रम आपण कसा लावतो ते पाहू. दहावीच्या परीक्षेत २०१० पासून सर्वोत्तम पाच विषयांच्या गुणांवर टक्केवारी काढण्याची पद्धत महाराष्ट्रात आली. सर्वांत कमी गुणांचा विषय त्यामुळे हिशेबातून गळतो. मानव विकास निर्देशांक दुबळ्या रकान्याला शिक्षा करतो; आपली दहावी त्याला माफी देते. या दोहोंपैकी कोणतीही रीत समर्थनीय ठरू शकते. पण ही एक रीत आहे, ती माणसांनी ठरवलेली आहे आणि दुसरी रीत ठरवली असती तर यादीतील नावे वरखाली झाली असती, एवढे तरी निकालाच्या दिवशी किती घरांत बोलले जाते? दोन वर्षांनी वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी तर तीन तासांच्या एका परीक्षेतला एकच आकडा उरतो. साताऱ्यात, कऱ्हाडात, सांगलीत शिकवणी वर्गांचे भले मोठे फलक उभे राहतात आणि त्यांवर रथी, महारथी, अतिरथी झळकतात. फलकावर ज्यांना जागा मिळत नाही ते अर्धरथी. त्यांतले किती जण कर्णाप्रमाणे, परंतु कोणतीही प्रतिज्ञा न करता, चुपचाप शस्त्र खाली ठेवतात, हे वर्गात शिकवणाऱ्याला रोज दिसत असते.

निवड करायची तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते, जागा थोड्या आणि उमेदवार फार, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो रास्त आहे. वशिला आणि देणगी यांच्यापेक्षा गुणांचा आकडा पुष्कळ न्याय्य, हेही निर्विवाद आहे. ग्रामीण भागातील सामान्य शेतकऱ्याच्या मुलीला याच आकड्याने शहराचे दार उघडून दिले आहे. तेव्हा आकडा फेकून द्यावा, असे कोणी सुचवत नाही. आकड्याला त्याची हद्द दाखवावी, एवढेच म्हणणे आहे. मुंजाला पिंपळाची हद्द असते, तशी टक्केवारीलाही ती कशासाठी काढली याची हद्द असली पाहिजे. प्रवेशाच्या रांगेत कोण कोठे उभा राहणार, हे टक्केवारी सांगू शकते. कोण किती मोलाचा, हे सांगण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही.

मुलांच्या वादात दोष नाहीत असे नव्हे. आवडत्या प्राण्याची बाजू घेताना तीही हटवादी होतात, सोयीचा पुरावा उचलतात, कधी मुद्द्यावरून गुद्द्यावर येतात. परंतु त्यांच्या वादाला तीन नियम असतात, आणि ते आपल्या सार्वजनिक चर्चेत अभावानेच आढळतात. दावा करणाऱ्याने आधार द्यावा, हा पहिला. लढाई कोठे आणि कोणत्या अटींवर हे आधी ठरवावे, हा दुसरा. आणि हरलेला प्राणी तक्त्यातून काढून टाकायचा नाही. अटी बदलल्या की त्याला पुन्हा उतरवायचे, हा तिसरा. आज पाण्यात हरलेला उद्या डोंगरावर जिंकू शकतो, हे त्या वहीला मान्य असते. गुणपत्रिकेला ते मान्य नसते.

बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात निर्देशांकाचे एक प्रकरण आहे. विद्यार्थी ते सूत्रे पाठ करून उरकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. शिक्षकांनी एखाद्या तासाला मुलांच्या त्या वह्याच मागवून घ्याव्यात. दहा प्राणी, सहा रकाने. कोणत्या रकान्याला किती भार द्यायचा ते वर्गाने ठरवावे, क्रम लावावा, मग भार बदलून पुन्हा लावावा. पहिल्या क्रमांकावरचा प्राणी चौथ्यावर गेलेला ज्याने स्वतःच्या हाताने पाहिला, तो पुढे कोणत्याही यादीसमोर मान तुकवण्यापूर्वी, हे भार कोणी ठरवले, असे विचारल्याशिवाय राहणार नाही. मग ती यादी महाविद्यालयांची असो, शहरांची असो की राज्यांची. लोकशाहीत नागरिकाला याहून उपयुक्त असे फारसे शिकवता येत नाही.

शाळा-महाविद्यालयांनीही निकालाच्या फलकावर एका आकड्याने समाधान मानू नये. भीष्मांसारख्या ज्ञानवृद्धाची यादीही कर्णाच्या बाबतीत सैन्याला महाग पडली. आपण तर सामान्य माणसे. यादी करणाऱ्याने आपले रकाने उघड मांडावेत, आपले भार सांगावेत आणि कोरी राहिलेली ओळ कोणाची, याचा शोध घ्यावा. हे पथ्य पाळणार नसू, तर निदान आमराईतल्या पोरांच्या वहीला हसण्याचा अधिकार आपण सोडून दिला पाहिजे.